पहिली गिअरवाली सायकल: तुमची कशी आली?

सराटा
आज चौकात एक पोरगं पंक्चरवाल्यापाशी सायकल उलटी टाकून मागच्या टायरातले सराटे उपसत बसलं होतं. ११ निघाले. माझे पाय तिथंच थांबले, २०१४ च्या दिवाळीनंतर मीही असाच बसलो होतो.

कापसाचे पैसे आले तेव्हा बाबांनी ८,५०० हातावर ठेवले, म्हणाले, "याच्यावर रुपया मागू नको." अमरावतीत त्यात दोन बसत होत्या. एक लालभडक, पुढं-मागं शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधल्या चकतीला धरणारे. दुसरी साधी, पुढं लोखंडी फोर्क म्हणजे चाक धरणारा चिमटा, अन् व्ही-ब्रेक, म्हणजे टायरजवळ रिमला दाबणारे. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं दोन्ही उचलायला लावल्या. लाल उचलताना कंबरच बोलली. "या भावात मागचा शॉकअप म्हंजे नुसतं वजन. तू पायडल मारशीन, अर्धी ताकद तो खाईन." साधी घेतली. उरल्या ६०० मधून दोन ट्यूबा अन् हातपंप. त्याच सायकलनं पुढच्या पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदरा चढलो, ३० किलोमीटर. घाटात दोनदाच उतरलो. अजून घरी आहे. तुमचं सांगा.

धारणीची लेक
शाळेत सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल होती, तीच खूप वाटायची. नोकरी लागल्यावर गिअरची जुनी घेतली ४,५०० ला. तिसऱ्या दिवशी साखळी मागं गिअरच्या सर्वांत मोठ्या चकतीवर टाकली अन् डिरेलर, म्हणजे साखळी सरकवणारा भाग, चाकाच्या तारांत घुसला, चार तारा तुटल्या. हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर फ्रेमला लटकतो तो तुकडा, आत वाकलेला होता. जुनी घेत असाल तर मागं उकिडवं बसून बघा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं चकतीखाली सरळ रेषेत पाहिजेत.

कास्तकार
काळ्या मातीत व्ही-ब्रेक नाही चालत भाऊ. पावसात पांदनीनं जा, टायर अन् ब्रेकच्या मंधात चिखलाचा गारा असा बसते का चाकच फिरत नाही. तुराटीनं खरवडत बसा. डिस्कले हा ताप नाही. बाकी सोयाबीनचा काय भाव चालू हाय तुमच्याकडं?

सराटा
सोयाबीनमध्ये ओल दाखवून भाव कापतात दादा. वाळवूनच न्या. ब्रेकचं तुमचं खरं आहे, मी डांबरीवरच जास्त चालवली.

उमरखेडवाला
ट्यूबच्या वालचं, म्हंजे हवा भरायच्या तोंडाचं, कोणी सांगितलं नाही. साध्या सायकलीले वालट्यूब राहते, या बऱ्याचशा गाड्यांले मोटारसायकलसारखा वाल. पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण जपून, मोठ्या कॉम्प्रेसरनं माझी ट्यूब फुटली. टायरच्या बाजूले आकडा लिहून असते, तेवढीच भरा.

मूर्तिजापूर
आजोबा अचलपूरहून शकुंतला रेल्वेत सायकल टाकून आणत. ती गिअरची नव्हती, पण धागा वाचून आठवली.

धारणीची लेक
शकुंतला 😢 माझ्या मामाचं गाव त्याच लाइनीवर.

रानवाट
उंची ५ फूट असेल तर २९ इंची चाक पाहून भुलू नका. चाक वेगळं, फ्रेम वेगळी. मधला दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभं राहा, दांड्याच्या वर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. बहिणीला मोठी घेऊन दिली, ती महिनाभर चालवायलाच घाबरली. मला फार वाईट वाटलं. शेवटी बदलली.

एकटा बैल
माझी घ्यायची राहिली. पैसे जमले त्या वर्षी जोडीतला एक बैल गेला.

कास्तकार
लय वाईट झालं भाऊ. तेव्हा सायकल कुठची सुचते.

सराटा
दादा, मोर्शीकडं येणं झालं तर या, माझी चालवून पाहा, वाटलं तर ठेवून घ्या. धारणीच्या ताई, हँगर कुठं मिळाला?

धारणीची लेक
बऱ्हाणपूरला. जुना काढून सोबत नेला होता, सगळ्या फ्रेमचा सारखा नसतो. भाकरी तव्यावर आहे, बाकी रात्री लिहिते.