ट्रेलरवर गाडी नेताना वजन कसं बसवायचं?

प्रश्न: साताऱ्याहून पुण्याला मारुती 800 ट्रेलरवर न्यायची आहे. गाडी साधारण 650 किलो, ट्रेलर 500. ओढायला पिकअप. रिकामा ट्रेलर सरळ चालतो, पण गाडी चढवली की 50 च्या पुढं शेपूट हलवतो. हूक ढिला असेल का?

उत्तर 1: हूक तपासाच, पण वजन मागं पडलंय असं दिसतंय. एकूण 1150 किलोपैकी 10 ते 15 टक्के, म्हणजे 115 ते 170 किलो भार हुकावर हवा. ट्रेलर सपाट जागी उभा करून पुढचा दांडा धान्याच्या वजनकाट्यावर टेकवा, लगेच कळेल. कमी भरला तर गाडी ट्रेलरवर हुकाच्या दिशेनं पुढं सरकवा. मात्र पिकअपचं मागचं बूड दबलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. हुकाची क्षमताही बघून घ्या.

उत्तर 2: रॅचेट बेल्ट (खटक्यानं आवळायचे पट्टे) चारही टायरवरून घ्या. बंपरला बांधलेला बेल्ट सस्पेन्शन दबलं की ढिला पडतो. पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून परत आवळा. सेफ्टी चेन हुकाखालून फुलीसारख्या आडव्या टाका, म्हणजे हूक सुटला तरी दांडा रस्त्यात रुतत नाही.

उत्तर 3: खंबाटकीचा उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापून निकामी होतो. ट्रेलर हलू लागला तर ब्रेक मारू नका, स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा. एवढ्या वजनाला ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक हवेतच, तुमच्या ट्रेलरला आहेत का?