गटाच्या नादी लागणारा माणूस बावळटच असतो का?

यंत्रमागी (धागा सुरू करणारा)
निवडणूक आली की आपल्या सोलापुरात एक वाक्य ठरलेलं: "पूर्व भागातली पोरं काय, पाचशेची नोट अन् बिर्याणी दाखवली की कुणाच्याही मागं जातात." बोलणारा बहुधा सात रस्ता नाहीतर जुळे सोलापूरकडचा, घरचं बरं असलेला. पाचशेच्या नोटेवर माणूस सभेला जातो हे खरं. पण गटासाठी अंगावर केस घेत नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी मिळावं लागतं.

काय मिळतं ते चौकातल्या फ्लेक्सवर बघा. वर साहेब, मध्ये दादा-भाऊ, आणि सगळ्यात खाली पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोंची रांग. त्यातल्या एका पोराला मी ओळखतो. टॉवेलच्या कारखान्यात बारा तासांची पाळी. मालक नावानं हाक मारत नाही, मागाच्या नंबरावरून "ए सहा नंबर" म्हणतो. फ्लेक्सवर त्याच्या नावापुढं 'युवा नेते' लिहिलंय. त्याचा आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होता, म्हणजे पगाराची तारीख होती, युनियन होती, गल्लीत मान होता. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. पोराच्या वाट्याला फ्लेक्स आला. आणि रोज रात्री ग्रुपवर कुणीतरी त्याला सांगतं की तुझं काम 'त्यांनी' खाल्लं. 'ते' कोण, हे सोयीनं बदलतं.

जुळेकर
टोमणा पोचला. पण गरिबीचं एवढं कौतुक नको. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निवृत्त इंजिनिअर आहेत, बँकवाले आहेत, डॉक्टर आहेत. पहाटे पाचपासून जे फॉरवर्ड सुरू होतात ते वाचून तुमचा सहा नंबरसुद्धा लाजेल. जपानमध्ये ओम शिनरिक्यो पंथानं २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. सोडणाऱ्यांत एक हृदयाचे सर्जन होते, बाकीचेही विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले. त्यांची कुठली मिल बंद पडली होती? "लोकांना कळत नाही ते मला कळलंय", या सुखावर शिकलेला माणूस जास्त भुलतो. साखळी योजनांवर १९७८ पासून बंदीचा कायदा आहे, तरी त्यात पैसे घालणारे आमच्याकडे कमी नाहीत. बुडाले तरी लाजेपोटी पोलिसांकडे जात नाहीत, एवढाच फरक.

आणि दुसरं. गरज पहिल्या दिवशी असते. दोन वर्षांनी तोच पोरगा कुणाच्या तरी टपरीचं शटर दमदाटी करून खाली ओढायला लावतो, तेव्हा त्याला मजा येत असते. ती मजा त्याच्या नावावर मांडा ना. सगळं मिलच्या खात्यावर कशाला?

कडक_भाकरी
काय बे, नळाला पाणी चार-चार दिवस येत नाही. ते ना हिंदूला येतं ना मुसलमानाला, ना पद्मशालीला ना लिंगायताला. त्यावर सगळ्यांचा मिळून एक गट झालेला कुणी बघितलाय का? भांडायचे विषय कोण निवडून देतं तेवढं सांगा.

विडीवालीची_लेक
यंत्रमागी दादा, माझी आई विड्या वळायची. कारखान्यात माल द्यायला गेली की तपासणारा मुठी-मुठीनं विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. एकटी बाई त्याला काय बोलणार? लाल बावट्याच्या युनियनमध्ये गेल्यावर बोलायला लागली. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, ती अशाच गटातून उभी राहिली. तिथंही झेंडा होता, घोषणा होत्या, 'ते' म्हणजे मालक होते. म्हणून सगळे गट एका मापानं मोजू नका. आई वर्गणीची पावती मागायची. मीटिंगमध्ये उभं राहून पुढाऱ्याला "तुमी मागच्या टायमाला असंच बोललात" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशीही तिला कुणी वाळीत टाकलेलं नसायचं.

जुळेकर
ताई, आईंचा अनुभव मान्य. पण संपात कामावर गेलेल्याला गद्दार म्हणणारे युनियनवालेही मी पाहिलेत.

विडीवालीची_लेक
म्हणत होतेच. मी कुठं नाही म्हणतेय? पण त्याच गद्दाराच्या पोरीच्या लग्नात आई भाकरी थापायला गेली होती.

यंत्रमागी
शटरचा मुद्दा मला टाळता येणार नाही, ती मजा त्याचीच. पण फसण्याची किंमत बघा की. पीपल्स टेम्पल हा पंथ घ्या. जिम जोन्सनं अमेरिकेत फुकट जेवण, म्हाताऱ्यांची सोय, काळ्या-गोऱ्यांची एकत्र प्रार्थना इथून सुरुवात केली. भाबडेपणा म्हणावा असं त्यात काही नव्हतं, त्या लोकांना हे दुसरीकडे मिळतच नव्हतं. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानातल्या जोन्सटाउन या पंथाच्या वस्तीत जोन्सच्या हुकमानं विषानं नऊशेवर माणसं मेली. मेलेल्यांत बहुसंख्य काळे, निर्णय घेणाऱ्या आतल्या वर्तुळात बहुतेक गोरे. आपल्याकडंही केस फ्लेक्सच्या खालच्या रांगेवर पडते, वरच्या फोटोंवर नाही. सोसायटीतले काका फॉरवर्ड करून मॉर्निंग वॉकला जातात. उद्या ग्रुप सोडला तर त्यांचं काय जाणार? पोरानं सोडला तर उधारीचं दुकान, भाड्याची खोली, रात्री पोलिसानं अडवलं तर फोन करायचा माणूस, सगळंच जातं.

जुळेकर
काकांचं काही जात नाही, मग काका का सोडत नाहीत? त्यांना तर मोकळीक आहे. म्हणूनच मी त्यांना जास्त दोषी धरतो. इथं आपलं एकमत झालं की काय?

पार्कावरचा
१९५१ च्या सुमारास सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं केलेले प्रयोग आठवले. रेघांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम. पण खोलीतले बाकीचे ठरवून चुकीचं सांगायचे. सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस डोळ्यांना दिसत असूनही त्यांच्यासारखंच चुकीचं बोलला. मात्र दुसरा एकच माणूस खरं बोलणारा असला की हे प्रमाण एकदम खाली यायचं.

आमच्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब कुणी विचारला की अध्यक्ष म्हणतात, "देवाच्या कामात हिशेब?" रविवारी बैठक आहे. मी विचारणार आहे. जुळेकर, येता का सोबतीला?

जुळेकर
मी आलो तर तुमचं काम बिघडेल. "बाहेरचा आणला" म्हणतील आणि हिशेब बाजूला राहील. गल्लीतलाच कुणीतरी शोधा, शक्यतो वर्गणी गोळा करत फिरलेला.

कडक_भाकरी
कुठली गल्ली बे? साखर पेठ असेल तर मीच फिरलोय की पावतीपुस्तक घेऊन. किती वाजता?