फ्रायर रायगडावर नव्हता, जुन्नरला होता

डॉ. जॉन फ्रायरने शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला, असं कुणी कुणी म्हणतं. ते तेवढं बरोबर नाही. 1674 साली रायगडावर गेला तो ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन. फ्रायर त्याच कंपनीचा इंग्रज डॉक्टर. त्याने ऑक्झिंडनची ती हकीकत आपल्या पुस्तकात घेतली. पुस्तक 1698 चं, पत्रांच्या रूपातलं.

त्याचं खरं स्वतःचं पाहिलेलं वाचायचं तर जुन्नरचा प्रवास वाचा. 1675 साली तिथल्या मुघल अधिकाऱ्याने त्याला औषधोपचारासाठी बोलावलं. रुग्ण बाई पडद्याआड. आधी त्याची परीक्षा म्हणून एका धडधाकट दासीचा हात पुढे केला. नाडी लागली ठणठणीत! त्याने तसं सांगितलं, तेव्हा कुठे खऱ्या आजारी बाईचा हात बाहेर आला. पुढे पडदाच खाली पडला आणि आतल्या बायका दिसल्या: लोणच्यासाठी सोललेले आंबे ठेवलेले, शेजारी सुईकाम. सतराव्या शतकातल्या जुन्नरचं घर इतक्या जवळून दाखवणारं दुसरं काही मी तरी वाचलेलं नाही.

त्याचे आपल्या लोकांबद्दलचे शेरे मात्र पुष्कळदा पूर्वग्रहाचे आहेत, आणि ते वाचताना मला त्रास होतो. तरी नाडी धरलेल्या बोटांनी जे टिपलं, त्यावर माझा विश्वास बसतो.