पोर्ट्समथचं चॅनल २७ : ह्या छोट्या ख्रिस्ती स्टेशनचं पुढे काय झालं?

नॉरफोकवासी
मंडळी, प्रोजेक्टसाठी व्हर्जिनियात नॉरफोकला आलोय. शेजारी एक आजोबा आहेत, पोर्ट्समथच्या शिपयार्डमधून रिटायर झालेले, ते सारखं चॅनल २७ बद्दल बोलत असतात, की टीव्हीवरचा ख्रिस्ती पाद्री पॅट रॉबर्टसन, त्याची सुरुवात तिथूनच झाली, पोरांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा वगैरे. आता २७ वर तसलं काहीच दिसत नाही, आणि रॉबर्टसनचा ७०० क्लब हा धार्मिक कार्यक्रम लागतो भलत्याच केबल चॅनलवर, तरुण पोरापोरींच्या सिरियल्सच्या मधे. हे काय गौडबंगाल आहे? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा, नुसती लिंक टाकू नका प्लीज.

गावठी_इतिहासकार
आजोबा बरोबर सांगतायत. रॉबर्टसन म्हणजे सिनेटरचा मुलगा, येलला वकिली शिकला पण बारच्या परीक्षेत आपटला, मग धर्माकडे वळला. १९५९ ला बायकोपोरांना घेऊन पोर्ट्समथला आला तेव्हा खिशात ७० डॉलर होते असं तो स्वतःच सांगायचा (त्यात तिखटमीठ किती ते सोडा). तिथलं एक बंद पडलेलं स्टेशन त्याने घेतलं, १९६० ला सीबीएन (ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क) ही संस्था रजिस्टर केली आणि १ ऑक्टोबर १९६१ ला प्रक्षेपण सुरू झालं. नाव डब्ल्यूवायएएच, त्यातलं याह म्हणजे यहोवाच.

खरी गंमत पैशाची आहे. स्टेशन कायम कडकीत. १९६३ ला महिन्याचा खर्च साधारण ७००० डॉलर, तर ह्याने टीव्हीवरूनच हाक दिली की ७०० माणसं प्रत्येकी महिना १० डॉलर देतील का. तीच वर्गणी म्हणजे ७०० क्लब, कार्यक्रमाला ते नाव नंतर पडलं. बाहुल्यावाले म्हणजे जिम आणि टॅमी बेकर, साठच्या दशकाच्या मधे आले, १९७२ च्या सुमाराला गेले आणि पुढे स्वतःच्या पीटीएल चॅनलमधे जे काही दिवे लावले ते सगळ्या जगाने पाहिलं, १९८९ ला जिम फसवणुकीत दोषी ठरला.

अँटेनावाला
एक टेक्निकल गोष्ट राहिली. २७ म्हणजे यूएचएफ, १३ च्या वरचे चॅनल ज्यावर लागतात ती वेगळी लहरपट्टी. तेव्हाच्या बहुतेक टीव्हीच्या खटक्यावर २ ते १३ एवढेच चॅनल, यूएचएफ बघायचं तर वेगळा कन्व्हर्टर घ्या, वेगळा अँटेना लावा, म्हणजे स्टेशन चालू असलं तरी गावात बघणारे किती हा प्रश्नच. म्हणूनच असली स्टेशनं दिवाळखोरीत जायची आणि स्वस्तात मिळायची. १९६२ ला कायदा झाला आणि १९६४ पासून नवीन सेटमधे यूएचएफ सक्तीचं झालं, तिथून जीव आला. रॉबर्टसनची श्रद्धा वगैरे ठीक आहे हो, पण सरकारी कायद्याचं क्रेडिट कोणी देत नाही.

गावठी_इतिहासकार
+१, हे मला लिहायचंच होतं.

वसईची_माहेरवाशीण
मी ख्रिश्चन आहे पण सांगते, टीव्हीवर पैसे मागणारे पाद्री मला कधीच पटले नाहीत. त्याची राजकीय बडबड तर नकोच, १९८८ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतपण उतरला होता. तरी ते ७०० जणांचं प्रकरण मला प्रामाणिक वाटतं, खर्च किती आणि माणशी किती हे तोंडावर सांगितलंय. गडबड नंतरची.

नॉरफोकवासी
वा, मस्त माहिती. पण मग स्टेशन विकलं का? आणि ते केबलचं राहिलंच की.

गावठी_इतिहासकार
१९७७ ला सीबीएनने सॅटेलाइटवरून देशभर केबल चॅनल सुरू केलं, मग गावातल्या स्टेशनला कोण विचारतो. १९८९ ला २७ विकून टाकलं, आता ते डब्ल्यूजीएनटी. केबल चॅनल मात्र एवढं कमवायला लागलं की धर्मादाय संस्थेची करमाफी जायची वेळ आली, म्हणून १९९० ला ते वेगळ्या कंपनीत काढलं, कंपनी कोणाची तर रॉबर्टसन बापलेकाचीच 😄 तेच फॅमिली चॅनल. १९९७ ला ते मर्डॉकच्या फॉक्सवाल्यांनी साधारण १९० कोटी डॉलरला घेतलं, म्हणजे तेव्हा आपल्या स्टार प्लसचा मालक तोच. २००१ ला डिस्नीकडे गेलं आणि आता त्याचं नाव फ्रीफॉर्म. विकताना अट अशी घातलेली की ७०० क्लब दाखवत राहायचं, मालक बदलले तरी अट तशीच. म्हणून तुमच्या सिरियल्सच्या मधे तो येतो.

अँटेनावाला
वकिलीच्या परीक्षेत नापास झालेल्या माणसाने काय करार केलाय राव.

वसईची_माहेरवाशीण
@नॉरफोकवासी सीबीएनचं ऑफिस अजून तिथेच व्हर्जिनिया बीचला आहे, रॉबर्टसनने काढलेली रीजंट युनिव्हर्सिटीपण तिथेच. तुम्हाला फार लांब नाही, आजोबांना घेऊन एक चक्कर मारून या.