तीन कर्णबधिर मुलींच्या शिक्षणासाठी मंडळीचा निधी कशावर खर्च करावा?

पास्टरेट_सचिव:
सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातली. आसपास तीन कर्णबधिर मुली आहेत. वयं ४, ९ आणि १३. घरं ख्रिस्ती नाहीत. थोरलीला शाळेत कधी घातलेलंच नाही. कापणीच्या सणाच्या दानातून तिघींना कानाची मशिनं घ्यावीत आणि मोठ्या दोघींना शहरातल्या निवासी शाळेत ठेवावं, असं कमिटीत चाललंय. बरोबर आहे का?

श्रवण_तपासणी:
मशिनं विकत घेऊ नका. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतात. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. मूल वाढलं की मशिनाचा कानात बसणारा साचा सैल पडतो, आवाज बाहेर गळतो, मशीन शिट्टी मारतं. पोरं हसतात आणि मशीन कायमचं कपाटात जातं. धाकटीचा साचा साधारण सहा महिन्यांनी, मोठ्यांचा वर्षाने बदलावा लागेल. जास्त ताकदीच्या मशिनाला ६७५ नंबरचे, निळ्या स्टिकरचे सेल लागतात. दोन कानांना महिन्याला सहा-आठ धरा. स्टिकर काढलं की हवा लागून सेल सुरू होतो, वापरा न वापरा संपतोच. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

धाकटीची मात्र घाई करा. सिव्हिलमधल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या तपासणी-उपचार केंद्रात) नेऊन बेरा, म्हणजे मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहणारी तपासणी करून घ्या. जन्मतः बहिरेपण असेल तर एडिपमधून कॉक्लियर इम्प्लांटसाठी (ऑपरेशनने कानात बसवायच्या यंत्रासाठी) वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे. ऑपरेशनने काम संपत नाही, पुढे काही वर्षं नियमित थेरपी लागते. एसटीचं भाडं आणि आईची बुडालेली मजुरी यांपायी ती मध्येच सुटते. मंडळीने तिथे पैसे घालावेत.

विशेष_शिक्षिका:
नऊ वर्षांची गावच्या शाळेत फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवत असेल आणि अर्थ काहीच कळत नसेल. वही भरलेली दिसते, म्हणून गुरुजींना शंका येत नाही. तिला सांकेतिक भाषेत शिकवणारी शाळाच बरी. निवडताना शिक्षकांची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी पाहा, रात्रीच्या महिला अधीक्षिकेला खुणा येतात का ते विचारा, आणि शयनकक्षात धोक्याच्या घंटेसोबत लुकलुकणारा दिवा आहे ना, ते स्वतः बघा.

तेरा वर्षांच्या मुलीला वयाप्रमाणे थेट सातवी-आठवीत बसवू नका. तिच्याजवळ अजून कुठलीच भाषा पक्की नाही. आधी खुणांची भाषा, मग वाचन. आयएसएलआरटीसीचा (भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी केंद्राचा) दहा हजार शब्दांचा सांकेतिक शब्दकोश मोफत आहे. खुणा येणारी एखादी कर्णबधिर प्रौढ स्त्री मानधन आणि प्रवासखर्च देऊन गावात बोलवा. आई-भावंडांनाही सोबत शिकवा. नाहीतर सुट्टीत घरी आलेल्या मुलीशी बोलणार कोण? हा वर्ग चर्चमध्ये, उपासनेला जोडून घेऊ नका. घरचे बिचकतील, आणि बरोबरच आहे त्यांचं.

जुना_वाचक:
फ्लॉरेन्स स्वेन्सन यांनी पालयमकोट्टाईला आणि बिशप म्यूरिन यांनी मुंबईत कर्णबधिरांसाठी शाळा काढल्या, त्या एकोणिसाव्या शतकात. तेव्हा मिशनने शाळा काढणं हीच गरज होती. आता शाळा आहे, पण पोरगी तिथवर पोचत नाही. त्यामुळे भाडं, साचे, सेल, मानधन ही यादी नवीन इमारतीपेक्षा मोलाची वाटते, फोटोत ती दिसत नसली तरी.

कायदा_सल्ला:
निवासी शाळेत पाठवण्याआधी त्या-त्या मुलीच्या पालकांची लेखी संमती घ्या. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. राज्यघटनेचं कलम २८(३). परदेशातली मंडळी पैसे पाठवू पाहत असेल, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेऊ नका.

वसतिगृहात जाण्याआधी मुलींना शरीराच्या अवयवांच्या, ‘नको’च्या आणि ‘मला दुखावलं’ याच्या खुणा यायलाच हव्यात. अत्याचाराची नुसती शंका आली तरी पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या नावाला जपून आपसांत मिटवता येत नाही. जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा खुणांचा जाणकार मागता येतो. तो शाळेबाहेरचा मागा.