सल्ला हवा: पेट्रोल जिप्सी एलपीजीवर करू का? मागे जेटस्कीचा ट्रेलर असतो

दर्या_मालवण: जिप्सी किंग, १३०० सीसी, एमपीएफआय (इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन). मालवण-तारकर्ली-देवबाग रोजच्या फेऱ्या. ट्रेलर लावला की लिटरला सात-आठच्या वर देत नाही. बजेट ३५ हजार, त्यापुढे जमणार नाही. ओढ किती कमी होते, एवढंच अनुभवी लोकांनी सांगा.

घाटावरचा: जिप्सीत पैसे घालू नका. विका आणि डिझेल बोलेरो घ्या. माझी भरलेली ट्रॉली घेऊन फोंडा घाट चढते.

दर्या_मालवण: दादा, ३५ हजारात बोलेरो कुठून आणू?

सांगलीकर_व्हॅन: अकरा वर्षं गॅसवर गाडी चालवली, एलपीजीच घ्या. पण सिक्वेन्शियल किट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने वेगळा गॅस देणारं; हवेत गॅस मिसळून सोडणारं जुनं मिक्सरवालं नको. रोडवर ओढीतला फरक थोडाच जाणवतो. लिटरच्या हिशेबात गॅस पेट्रोलपेक्षा २०-२५ टक्के जास्त जातो, आणि टाकी ८० टक्केच भरतात. त्यामुळे कागदावरची बचत अर्धी धरा.

पुणे_सीएनजी: सीएनजी घ्या. माझी किलोला २६ देते.

सांगलीकर_व्हॅन: तुमच्या मागे ट्रेलर आहे का? सीएनजीत ओढ आणखी कमी होते, सिलिंडर जड, मागची जागा जाते. वर दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे सिलिंडरची पाण्याच्या दाबाने तपासणी.

पुणे_सीएनजी: टेस्ट सुरक्षेसाठीच असते. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो. एलपीजी जड, खाली साचतो. गाडी बंद शेडमध्ये लावत असाल तर विचार करा.

नवा_मेंबर: आमच्याकडे घरच्या सिलिंडरमधून भरून देतात. स्वस्त पडतं.

सांगलीकर_व्हॅन: कृपा करून असलं काही सुचवू नका. बेकायदेशीर आहेच, पण आमच्या गल्लीत असं भरताना भडका उडालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पोरगा दोन महिने हॉस्पिटलात होता.

देवगड_बोटवाला: तुका सांगतंय, गॅसच्या नादाक लागा नको. माझ्या व्हॅनीच्या टाकीचे पट्टे खाऱ्या वाऱ्यान दोन पावसात खाल्ले. तू तर ट्रेलर पाण्यात घालतंस! बसवलंसच तर पट्टे नि पायपी दर महिन्याक गोड्या पाण्यान धू.

टॅपेट_मास्तर: कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. आधी कॉम्प्रेशन (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब) तपासा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा, प्लग नवे टाका. गॅसवर ओढकाम केलं की व्हॉल्व्हच्या सीटवर ताण येतो. वाळूत आणि रॅम्पवर स्विच पेट्रोलवर ठेवा, गॅस सपाट रस्त्याला.

घाटावरचा: एवढं करण्यापेक्षा बोलेरो.

कोल्हापूर_०९: किट तुमच्या मॉडेलला मंजूर आहे का ते बघा, आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा. माझ्या गॅरेजवाल्याने नोंद करतो म्हणून पैसे घेतले आणि केली नाही. पुढे अपघाताचा क्लेम अडकला, तो अजून मिळालेला नाही. बाकी, ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशन आहे का?

दर्या_मालवण: सगळ्यांचे आभार. काहींचं मत नको असं आहे, तरी एलपीजी बसवतोय. आठवड्याला सामानासाठी कोल्हापूरला जातोच, गॅस तिथे भरेन. लांबचा रस्ता गॅसवर, वाळूत पेट्रोल. मास्तरांच्या सांगण्यावरून आज कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडर ठीक आहेत. आरसीवर नोंद झाल्याशिवाय गॅरेजवाल्याला शेवटचे पाच हजार देणार नाही.

देवगड_बोटवाला: पट्टे धुवूक विसरा नको.

कोल्हापूर_०९: ट्रेलरच्या रजिस्ट्रेशनचं सांगितलं नाहीत.