पहिल्या पुस्तकासाठी लेखकाने पैसे भरावेत का?

माझे मत स्पष्ट आहे: भरू नयेत. सात वर्षांपूर्वी मी अकरा कथांचा संग्रह स्वखर्चाने काढला. प्रकाशकाने पाचशे प्रतींचे पैसे आगाऊ घेतले, हस्तलिखितातील एक ओळही न बदलता ते छापले आणि गठ्ठे टेंपोने घरी पाठवून दिले. त्यांतील तीन गठ्ठे आजही दिवाणाखाली आहेत. त्यांची सुतळीसुद्धा सोडलेली नाही. त्यानंतर लिहिलेली एक कथा मी एका दिवाळी अंकाकडे पाठवली. ती साभार परत आली, परंतु पहिल्या दोन पानांवर पेन्सिलीची आडवी रेघ होती, आणि तिसऱ्या पानावर, जिथे थोरल्या जाऊबाई घासलेटची रिकामी बाटली घेऊन दारात उभ्या राहतात, तिथे समासात लिहिले होते, ‘कथा इथून सुरू होते.’ त्याप्रमाणे मी ती पुन्हा लिहिली आणि पुढच्या वर्षी ती छापून आली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथालेखकाला संपादक आणि वाचक दोन्ही मिळवून देणारी ही वाट आहे. नवोदितांनी ती टाळू नये.

प्रतिसाद १

ताई, आपला अनुभव क्लेशदायक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कथा थांबू शकते, म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी थांबू शकत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली त्या गेल्या. माझ्या आईने ८१व्या वर्षी दोनशेपानी वहीत कोकणातल्या माहेराविषयी लिहिले: रहाटाच्या पाण्यावरचे शिंपणे, बाळंतिणीची अंधारी खोली, बोटीने मुंबईला गेलेले आणि पुन्हा न आलेले काका. दोन प्रकाशकांनी वही न उघडताच विचारले, की बाईंचे नाव कोणाला ठाऊक आहे? दिवाळी अंकात यातली फार तर सात-आठ पाने मावली असती. आम्ही भावंडांनी पैसे काढून गावाजवळच्या छापखान्यात दोनशे प्रती छापल्या, आणि आईने त्या स्वतःच्या हाताने सही करून वाटल्या. तिच्या एका चुलतबहिणीने तर समासात दुरुस्त्या करून प्रत परत पाठवली, कारण रहाट फणसाखाली नव्हे, रामफळीखाली होता. हा खर्च वाया गेला असे मी कधीही म्हणणार नाही.

प्रतिसाद २

खर्च कोणी केला यापेक्षा करारात काय लिहिले आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. लेखक पैसेही देतो आणि वर सर्व हक्क कायमचे लिहून देतो, असे करारनामे मी पाहिले आहेत, आणि ते पाहून संताप येतो. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितल्यास जरूर जाब विचारावा. मात्र संपादन हवेच, या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूचा आहे. आठवणींत हयात नातेवाइकांचे उल्लेख येतात, आणि ते घराबाहेरच्या कोणीतरी आधी वाचलेले बरे.

धागाकर्तीचे उत्तर

आईंच्या पुस्तकाबाबत मी माझा शब्द मागे घेते. ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापर्यंत पोहोचले. कथांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे, कारण पैसे देणाऱ्या लेखकाला ‘पहिली दोन पाने काढा’ असे सांगण्याची प्रकाशकाला गरजच उरत नाही. एक विनंती आहे. बाळंतिणीच्या खोलीवरचे प्रकरण स्वतंत्र लेख म्हणून उभे राहील असे वाटते. आईंची हरकत नसेल, तर त्याची प्रत मला पाठवाल का? अंकांची जुळणी सुरू होण्यापूर्वी मी ते पेन्सिल घेऊन वाचेन.